मधुमेह असलेल्या नव्या चालकाने गाडीचा विमा कसा उतरावा?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाणी आणि कीड यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण तो आपल्याच एका सभासदाच्या घरातून आला आहे.

गेल्या हंगामात गट ऑफिसमध्ये ऊस नोंदीचे काम चालू असताना एक जुने सभासद आले. नोंद झाली, चहा झाला, तरी आबा उठेनात. मग हळूच म्हणाले, "साहेब, थोरल्याला साखर हाय. लहानपणापास्नं सुया घेतोय. मुंबईला घाटकोपरात असतो. आता गाडी घ्यायची म्हणतोय, लायसनबी नवीनच काढतोय. विमावाले विमा देतील का वो? आन् दिला तर साखरेचं सांगायचं का झाकायचं?"

आम्ही हातातले काम न सोडता बोलून गेलो, "गाडीच्या विम्यात साखरेचा काय संबंध आबा? सांगायचं कशाला?"

पुढे कामानिमित्त मुंबईस जाणे झाले तेव्हा त्या मुलाला भेटलो, त्याच्याबरोबर बसून सगळे फॉर्म ओळीने वाचले, आणि आपण आबांना अर्धवट व चुकीचा सल्ला दिला हे लक्षात आले. ती चूक दुरुस्त करावी व इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा लेख. आपल्या भागातली कितीतरी पोरे आज घाटकोपर, भांडुप, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीकडे नोकरीला आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला आहे. तेव्हा हा प्रश्न एका आबांचा नाही.

मुलाची हकीकत

मुलगा २७ वर्षांचा, अंधेरीत नोकरीस. रोज घाटकोपरहून मेट्रोने जातो. इन्सुलिन घेतो, काम चोख करतो. गाडी हवी ती आईला दवाखान्यात नेण्यासाठी आणि सणावाराला गावी येण्यासाठी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले, शिकाऊ लायसन्स निघाले. अर्ज स्कूलच्या माणसानेच भरला होता. आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांपुढे त्याने न विचारता 'नाही' लिहिले आणि मुलाने सही केली.

एके संध्याकाळी लालबहादूर शास्त्री मार्गावर शिकवणी चालू होती. दुपारी इन्सुलिन घेतलेले, जेवण मात्र कामाच्या गडबडीत अर्धेच झालेले. सिग्नलला हात थरथरू लागले, घाम फुटला, पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसत होते पण ब्रेक दाबायचा हे सुचेना. शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक होता म्हणून निभावले. त्या माणसाला वाटले, पोरगा पिऊन आलाय. साखर कमी झाल्यावर जीभ जड होते, माणूस असंबद्ध बोलतो, त्यामुळे असा गैरसमज सहज होतो.

मुलाने हे घरी सांगितले. आबांनी धसका घेतला. पण गाडी तर हवीच. तेव्हा एका विमा एजंटाने सल्ला दिला, "तुम्ही फक्त सह्या करा, बाकीचं आम्ही भरतो." आबांचा प्रश्न हा सगळा ताण पोटात ठेवून आला होता आणि आम्ही तो दोन वाक्यांत उडवून लावला होता.

१. विमा गाडीचा असतो, चालकाचा नव्हे

आपल्या देशात गाडीच्या विम्याचा जो कागद मिळतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. त्या आधी सुट्या करून पाहू.

(अ) तिऱ्हाइताचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली वा त्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे हा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी रु. २,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड रु. ४,०००. याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारीला १००० सीसीपर्यंत वर्षाला रु. २,०९४, १००० ते १५०० सीसीला रु. ३,४१६ आणि त्यावर रु. ७,८९७ असे आकडे होते, कर वेगळा. नवीन गाडीला १ सप्टेंबर २०१८ पासून हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. या दरपत्रकात इंजिन किती सीसीचे एवढेच पाहतात. चालक नवा का जुना, त्याला कोणता आजार आहे, हा रकानाच तिथे नाही.

(आ) स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. हा ऐच्छिक आहे, मात्र गाडी कर्जावर असेल तर बँक आग्रह धरते. १ जानेवारी २००७ पासून याचे दर कंपन्या स्वतः ठरवतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावे. हप्ता मुख्यतः गाडीची विमा-किंमत, गाडीचे वय, इंजिन आणि नोंदणीचे ठिकाण यांवर बसतो. जुन्या दरपत्रकात मुंबई, पुण्यासह आठ शहरे 'अ' विभागात आणि बाकीचा देश 'ब' विभागात असे, आणि शहराचा दर चढा असे.

(इ) मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. गाडीचा मालक स्वतः गाडी चालवताना दगावला वा कायमचा जायबंदी झाला तर घरच्यांना मिळणारी रक्कम. २०१८ पासून ही १५ लाख रुपये केलेली आहे.

म्हणजे आबांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. मधुमेह आहे म्हणून थर्ड पार्टी विमा महाग होत नाही. लायसन्स नवे आहे म्हणूनही होत नाही. पॉलिसीत चालकाविषयी जे कलम असते ते सांगते की, अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स असावे आणि तो लायसन्स धारण करण्यास अपात्र ठरवलेला नसावा. शिकाऊ लायसन्सवाल्यालाही हे संरक्षण मिळते, पण नियम पाळले असतील तरच. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा आणि शेजारी पक्के लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा. "जरा कोपऱ्यापर्यंत फिरवून आणतो" म्हणून एकट्याने गाडी काढली की हे संरक्षण संपले.

नव्या चालकाला एकच गोष्ट आर्थिकदृष्ट्या कमी पडते, ती म्हणजे 'नो क्लेम बोनस'. दावा न करता वर्ष गेले की स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. खोडव्यासारखे हे आहे. मूळ नीट राखले तर पुढची पिके कमी खर्चात. किरकोळ ओरखड्यासाठी दावा करण्याआधी ही सूट जाते हे ध्यानात ठेवावे. ही सूट गाडीची नसून मालकाची असते, गाडी बदलली तरी आपल्याबरोबर येते. मात्र विमा संपून ९० दिवस उलटले तर ती जाते.

२. विम्याच्या फॉर्ममधला एक छोटा प्रश्न

इथवर आमचा सल्ला बरोबर होता. पुढे चुकला.

मोटार विम्याच्या छापील प्रस्तावात चालकाच्या माहितीखाली एक प्रश्न असतो. चालकाच्या दृष्टीत वा ऐकण्यात दोष आहे काय, किंवा त्याला काही शारीरिक व्यंग आहे काय? असल्यास तपशील द्या. मधुमेह हा शब्द तिथे नाही. पण जुना मधुमेह कुठे जाऊन बसतो ते पाहा. तो डोळ्यांच्या पडद्यावर जातो आणि तळपायांच्या संवेदनेवर जातो. डोळ्याच्या पडद्याला इजा होऊन दृष्टी कमी झाली असेल, किंवा पाय इतके बधिर असतील की ब्रेक आणि क्लच यांवरचा दाब कळत नाही, तर या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर खोटे ठरते. डोळे आणि पाय तपासलेले असून ठीक असतील तर 'नाही' हे उत्तर खरे आहे, आणि ते निर्धास्तपणे द्यावे. तेव्हा आधी तपासणी, मग उत्तर. माती परीक्षणाचा कागद हातात नसताना खताची मात्रा आपण लिहून देतो काय?

दुसरा मुद्दा अपघात विम्याचा. पॉलिसीच्या या भागात एक अपवाद छापलेला असतो. शारीरिक दोष वा व्यंग यातून उद्भवलेल्या मृत्यूला वा इजेला भरपाई मिळणार नाही. दारूच्या वा अमली पदार्थांच्या अमलाखालील अपघातालाही नाही. म्हणजे मधुमेही माणसाच्या बाबतीत उद्या वाद निघाला तर तो या १५ लाखांवर निघू शकतो. अशा वेळी आपल्या बाजूने बोलतात ते कागद. नियमित तपासण्या, डॉक्टरांचे दाखले, खरे भरलेले फॉर्म. मुलाला आम्ही एक फाईल करायला लावली ती याचसाठी.

३. खरा प्रश्न लायसन्सच्या फॉर्ममध्ये आहे

विमा कंपनी विचारते फार थोडे, कारण ते काम कायद्याने लायसन्सवर सोपवले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नमुना १ ही अर्जदाराने स्वतः द्यायची आरोग्य-घोषणा आहे. चाळिशीच्या पुढच्या अर्जदाराला आणि मालवाहू वा प्रवासी वाहनाच्या लायसन्सला नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरांचा दाखला लागतो. नमुना १ मधले आपल्या कामाचे प्रश्न असे:

• फेफरे, किंवा कोणत्याही कारणाने अचानक बेशुद्ध होणे वा चक्कर येणे, असा त्रास आहे काय?
• दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते काय?
• हात वा पाय यांच्या हालचालीत, ताब्यात वा ताकदीत काही दोष आहे काय?
• रातांधळेपणा आहे काय?
• ज्यामुळे तुमचे गाडी चालवणे लोकांना धोक्याचे ठरेल असा दुसरा कोणता आजार आहे काय? असल्यास तपशील द्या.

'कोणत्याही कारणाने' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. साखर उतरून आलेली चक्कर त्यात बसते. शास्त्री मार्गावरच्या त्या संध्याकाळनंतर त्या मुलाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' लिहिता येत नव्हते. आबांचे म्हणणे, "लिवलं तर लायसन मिळायचं न्हाई." मुलाचे म्हणणे, "काका, न लिहिता मिळालं, तर ते कशाच्या जोरावर वापरू?" आम्हाला त्याच्यापुढे काही बोलता आले नाही.

'हो' लिहिले म्हणजे लायसन्स नाकारलेच, असे नाही. त्याच फॉर्मवर सूचना आहे की 'हो' लिहिणाऱ्याने सविस्तर तपशील द्यावा आणि त्याच्याकडून अधिक माहिती मागितली जाऊ शकते. मधुमेह झाला म्हणून गाडी चालवू नये असे आपल्या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. मात्र कलम १८६ असे आहे की, आपल्याला असा आजार आहे की ज्यामुळे आपले चालवणे लोकांना धोक्याचे आहे, हे माहीत असून जो गाडी चालवतो, त्याला शिक्षा. २०१९ च्या दुरुस्तीने हा दंड पहिल्या वेळी रु. १,०००, पुढे रु. २,००० पर्यंत झाला. रक्कम लहान आहे, पण 'माहीत असून' हा शब्द लहान नाही. कुणाचा जीव गेला आणि निष्काळजीपणा सिद्ध झाला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

मुलाने काय केले? शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते, त्यामुळे घाई नव्हती. डॉक्टरांना सगळे सांगितले. त्यांनी इन्सुलिनची मात्रा व वेळा बदलल्या, तीन महिने रोजच्या साखरेच्या नोंदी ठेवायला लावल्या. तोवर गाडी शिकणे बंद. तीन महिन्यांत पुन्हा साखर उतरली नाही. डोळ्यांचा पडदा तपासला, तळपाय तपासले. मग डॉक्टरांनी नमुना १-अ भरून दिला. घाटकोपर, मुलुंड हा भाग वडाळ्याच्या आर.टी.ओ. कडे येतो, एमएच-०३. अंधेरीचे एमएच-०२, बोरिवलीचे एमएच-४७. पक्क्या लायसन्सच्या अर्जासोबत मुलाने खरी उत्तरे आणि दाखला जोडला, परीक्षा दिली, लायसन्स मिळाले. उशीर झाला तो तीन महिन्यांचा, आणि तो त्याच्याच भल्याचा होता.

४. झाकलेले आणि सांगितलेले: दोन निकाल

विमा हा पूर्ण विश्वासाचा करार मानला जातो. आपल्याकडे ऊस नोंदीचे तसेच आहे. लागणीची तारीख एक महिना मागे सांगितली तर चिटबॉयला त्या दिवशी कळत नाही. कळते ते तोडीच्या वेळी, रिकव्हरी घसरल्यावर. विम्यातही खोटे उत्तर फॉर्म भरताना कळत नाही, दावा करताना कळते.

मधुमेहाविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्ही मेडिक्लेमचे आहेत, मोटारीचे नाहीत, पण तत्त्व एकच.

पहिला २००९ चा. एका माणसाने फॉर्ममध्ये प्रकृती उत्तम असल्याचे लिहिले. पुढे तो वारला तेव्हा त्याला जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार होता हे दवाखान्याच्या कागदांवरून निघाले. कंपनीने दावा नाकारला. पत्नी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, पण निकाल कंपनीच्या बाजूने लागला. महत्त्वाची गोष्ट झाकली, असे न्यायालयाने धरले.

दुसरा ६ डिसेंबर २०२१ चा. एका माणसाने परदेश प्रवासाचा मेडिक्लेम घेताना मधुमेह असल्याचे आधीच सांगितले होते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर त्याला हृदयविकाराचा झटका आला. कंपनीने आधीच्या आजाराचे कारण दाखवून हात वर केले. न्यायालयाने ते मानले नाही. आजार माहीत असून तुम्ही पॉलिसी दिली, आता त्याच कारणाने नाकारता येणार नाही, असा निकाल दिला.

एकाने झाकले, त्याच्या घरच्यांनी गमावले. दुसऱ्याने सांगितले, त्याला मिळाले.

मोटारीच्या थर्ड पार्टी विम्यातही खोट्या माहितीवर घेतलेल्या पॉलिसीविरुद्ध तक्रार करण्याची मुभा कायद्याने (कलम १५०) कंपनीला ठेवली आहे. लायसन्सच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली घालून दिलेली वाट सर्वांना माहीत हवी. लायसन्समध्ये दोष निघाला तरी जखमी माणसाला वा मृताच्या वारसांना कंपनीने आधी पैसे द्यावेत, आणि मालकाचा कसूर असेल तर ते पैसे नंतर मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे रस्त्यावरचा गरीब उपाशी राहत नाही, हे चांगलेच. पण वसुली कोणाच्या दारात येते? मालकाच्या.

५. गाडी कोणाच्या नावावर?

इथे आबांचा आणखी एक बेत आमच्या कानावर आला. गाडी आपल्या नावावर, गावच्या पत्त्यावर घ्यायची. कर्ज सोपे आणि गावाकडचा हप्ता कमी. असा विचार करणारे सभासद पुष्कळ आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो.

एक. मालक-चालकाचा अपघात विमा मालकाला असतो आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तरच मिळतो. आबांकडे लायसन्स नाही. रोज गाडी चालवणार मुलगा, तो मालक नाही. म्हणजे १५ लाखांचे संरक्षण दोघांनाही नाही.

दोन. वर सांगितलेली वसुली मालकावर येते. गाडी आबांची तर जबाबदारी आबांची, म्हणजे शेवटी जमिनीपर्यंत.

तीन. गाडी कायम मुंबईत फिरणार आणि कागद गावचा, हा देखील झाकण्याचाच प्रकार.

चार. नो क्लेम बोनस आबांच्या नावे साठेल, मुलाच्या नाही.

आबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग त्याच्याच नावावर घेऊ द्या. त्याची गाडी, त्येचा इमा, त्येची जबाबदारी." गाडी मुलाच्या नावावर, घाटकोपरच्या पत्त्यावर झाली. विम्याच्या फॉर्मवर डोळे-शारीरिक व्यंगाच्या प्रश्नाला त्याने तपासणीनंतरचे खरे 'नाही' लिहिले, आणि मधुमेह व इन्सुलिन यांची माहिती एका वेगळ्या पत्राने कंपनीला देऊन पोच घेतली. मधुमेह कळवला म्हणून हप्ता एका रुपयानेही वाढला नाही. एजंट मात्र थोडा नाराज झाला.

६. चाक हातात घेण्यापूर्वी

विमा पैसे देतो, माणूस परत देत नाही. तेव्हा शेवटची आणि खरी काळजी गाडीत बसताना घ्यायची आहे.

साखर एकदम उतरण्याचा धोका सर्व मधुमेहींना सारखा नसतो. तो मुख्यतः इन्सुलिन घेणाऱ्यांना, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेणाऱ्यांना असतो. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्याला तो फार कमी. आपली गोळी कोणत्या गटातली हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

इंग्लंडमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकाने लायसन्स खात्याला कळवणे सक्तीचे आहे. तिथे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी हे विसरू नये. तिथले नियम आपणही घरी पाळावेत इतके सोपे आहेत:

• गाडी सुरू करण्यापूर्वी दोन तासांच्या आत साखर तपासा. लांबचा प्रवास असेल तर दर दोन तासांनी थांबून पुन्हा तपासा.
• ९० च्या खाली असेल तर आधी काही खा. ७० च्या खाली असेल तर गाडी चालवूच नका.
• चालवताना घाम, थरथर, धूसर दिसणे, चिडचिड वाटली तर गाडी बाजूला घ्या, किल्ली काढा, चालकाची जागा सोडा.
• तीन चमचे साखर वा तेवढेच ग्लुकोज घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मग पोळी, बिस्किटे असे काही खा.
• साखर नीट झाल्यावरही ४५ मिनिटे चाकाला हात लावू नका. रक्त सावरले तरी मेंदूला वेळ लागतो.

मुंबईत आणखी एक जोड द्यावी लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हमरस्त्यांवर माणसे रात्रभर गाडीत अडकली. तेवढे टोक रोज येत नाही, पण अंधेरीचा सबवे पावसाळ्यात बंद होतो, आणि पूर्व वा पश्चिम द्रुतगती मार्गावर अर्ध्या तासाचे दोन तास कधी होतात कळत नाही. इन्सुलिन घेऊन 'घरी जाऊन जेवतो' हा हिशेब मुंबईच्या रस्त्यावर चालत नाही. गाडीत साखरेची पुडी, बिस्किटे, पाणी कायम ठेवावे. इन्सुलिन मात्र बंद गाडीत उन्हात ठेवू नये, ते खराब होते. खिशात 'मी मधुमेही आहे, इन्सुलिन घेतो' असे लिहिलेले कार्ड ठेवावे, म्हणजे पोलीस वा लोक प्यालेला समजणार नाहीत. डोळ्यांत औषध घालून पडदा तपासला त्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्यावी.

सारांश

१. मधुमेह आहे म्हणून मोटारीचा विमा अडत नाही आणि थर्ड पार्टीचा दर वाढत नाही.
२. आरोग्याची घोषणा लायसन्सच्या फॉर्ममध्ये आहे. तो फॉर्म दुसऱ्याला भरू देऊ नका. वाचून, तपासून, खरे लिहा.
३. चक्कर वा बेशुद्धी येऊन गेली असेल तर आधी डॉक्टर, मग लायसन्स, मग गाडी.
४. जो चालवतो त्याच्याच नावावर आणि जिथे गाडी राहते त्याच पत्त्यावर नोंदणी व विमा करा.
५. दाखले, तपासण्या आणि पॉलिसीची प्रत एका फाईलमध्ये ठेवा.
६. साखर पाहिल्याशिवाय किल्ली फिरवू नका.

आपल्या भागातले ट्रॅक्टर-ट्रॉली चालवणारे आणि मालवाहू गाडीवाले यांनीही यातले दुसरे, तिसरे आणि सहावे कलम स्वतःला लावून पाहावे. हंगामात रात्रीची वाहतूक असते, जेवणाच्या वेळा चुकतात, आणि मागे भरलेल्या ट्रॉल्या असतात.

परवा आबा गट ऑफिसात पुन्हा आले. पोरगा पाडव्याला गाडी घेऊन गावी आला होता. वाटेत दोनदा थांबला, दोन्ही वेळा साखर बघितली, म्हणून तीन तास उशिरा पोचला. आबा म्हणाले, "साहेब, आमी दारात वाट बघत हुतो, पन जीवाला घोर न्हवता."

आम्ही आबांची माफी मागितली. पहिल्या दिवशी दिलेला सल्ला परत घेतला, तो आज या पानावर सर्वांसमोर परत घेतो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग